साडूंची पेन्शन, मुलाचा फ्लॅट आणि तुमचा फंड

पत्र

ताई, नमस्कार. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत मशीन शॉपला आहे. येत्या ऑगस्टअखेर ५८ पूर्ण होऊन रिटायर होतोय. सप्टेंबर १९९६ ला सातपूरच्या एका कंपनीत लागलो, तिथे सात वर्षं काढली, मग इथे आलो. पीएफ १४ लाखांच्या आसपास आहे, ग्रॅच्युइटी २ लाख ९० हजार मिळेल म्हणतात. घर स्वतःचं आहे, कर्ज नाही. दोघांचा महिन्याचा खर्च १८ हजार. मिसेसला शुगर आहे, ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान.

पेन्शनचा हिशेब मी १५,००० गुणिले ३२ भागिले ७० असा केला, ६,८५७ रुपये आले. पण कंपनीत पीएफचं काम बघणारा मुलगा म्हणतो, साडेचारच धरा. खरं काय? कोणी सांगतं, ६० पर्यंत थांबलं तर पेन्शन वाढते. व्हॉट्सॲपवर रोज येतं की किमान पेन्शन ७,५०० झाली. कंपनी मला दोन वर्षं कंत्राटदाराकडून ठेवायला तयार आहे, १५ हजारांवर.

मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याला फ्लॅटच्या डाउन पेमेंटला १० लाख हवेत. म्हणतो, तुमचे पैसे नुसते पडून राहणार, फ्लॅटची किंमत तरी वाढेल. माझे साडू झेडपीचे शिक्षक, गेल्या वर्षी रिटायर झाले, त्यांना ४० हजारांच्या वर पेन्शन. मी तीस वर्षं घाम गाळला तो काय पाण्यात गेला?

— एक कामगार, नाशिक

उत्तर

भाऊ, पीएफचं काम बघणारा तो मुलगा बरोबर सांगतोय. साडेचारच धरा.

सूत्र तुम्ही लावलंत ते ठीक आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. फक्त सगळ्या वर्षांना १५ हजारांचा पगार लागत नाही. वेतनमर्यादा १५ हजार झाली ती १ सप्टेंबर २०१४ पासून, त्याआधी ती ६,५०० होती. म्हणून २०१४ च्या आधीची वर्षं ६,५०० ने मोजतात आणि नंतरची १५ हजारांनी. कंपनी तुमच्या नावे जे १२ टक्के भरते त्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात, तेही या मर्यादेपुरतेच. पासबुकात जुन्या नोंदी दिसत असतील तर पेन्शनचा रकाना वरून खाली बघत या. आधी महिन्याला ५४१ रुपये आणि सप्टेंबर २०१४ पासून १,२५०. तुमच्या हिशेबातला फरक या दोन आकड्यांत आहे.

तर १८ वर्षं ६,५०० ने, म्हणजे १,६७१ रुपये. पुढची १२ वर्षं १५ हजारांनी, २,५७१ रुपये. बेरीज ४,२४२. वीस वर्षांहून जास्त नोकरी करून ५८ ला निवृत्त होणाऱ्याला दोन वर्षं वाढीव धरून मिळतात, ती तुम्ही ३२ च्या आकड्यात धरलीच आहेत. त्यांचे दोन-चारशे रुपये त्यात मिळवा. साडेचारच्या आगेमागेच येतं.

पण हे कधी, तर सातपूरची सात वर्षं तुमच्या आताच्या खात्याला जोडलेली असतील तेव्हा. पत्रात तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. त्या काळात कंपनी बदलली की फंड काढून घ्यायची पद्धत होती. बहिणीचं लग्न, घराचा स्लॅब, काही ना काही निघायचंच. फंडासोबत १०-सी फॉर्म भरून पेन्शनचेही पैसे उचलले असतील तर ती सात वर्षं संपली, ती परत येत नाहीत. उचलले नसतील आणि नुसती ट्रान्सफर राहून गेली असेल तर मात्र ती अजून जोडून घेता येतात. सात गुणिले ६,५०० भागिले ७०, म्हणजे महिन्याला ६५० रुपयांचा प्रश्न आहे. यूएएनच्या, म्हणजे पीएफच्या कायम नंबरच्या, पोर्टलवर 'सर्व्हिस हिस्टरी' उघडून दोन्ही कंपन्या दिसतात का, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख बरोबर आहे का, हे या आठवड्यात बघा. नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का तेही. निवृत्तीनंतर चूक सापडली की जुन्या कंपनीच्या ऑफिसात खेटे घालावे लागतात, आणि ती कंपनी तोवर उभी असेल याची खात्री कोणी द्यावी?

आता साठपर्यंत थांबण्याचं. नियम खरा आहे. ५८ ला पेन्शन न घेता थांबलात तर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, जास्तीत जास्त ६० पर्यंत. दोन वर्षांनी साडेचार हजारांचे साधारण ४,८६० होतील. महिन्याला ३६० जास्त. त्यासाठी सोडायचे किती? २४ महिन्यांचे साडेचार हजार, म्हणजे १ लाख ८ हजार. ते ३६० च्या हिशेबाने भरून निघायला ३०० महिने लागतात. तुम्ही तेव्हा ८५ चे असाल. शतायुषी व्हा, पण त्याच्या भरवशावर हा सौदा करू नका. ५८ पूर्ण झाले की १०-डी चा अर्ज टाकून पेन्शन सुरू करा. पुढे कंत्राटदाराकडे काम करत असलात तरी ती मिळते. नोकरी पूर्ण सुटायला हवी असं काही नाही.

मोठ्या पगारावरच्या वाढीव पेन्शनबद्दलही कोणी ना कोणी तुम्हाला सांगेल. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२२ चा, त्यानुसार अर्ज करायची मुदत ११ जुलै २०२३ ला संपली. तेव्हा कंपनीमार्फत अर्ज केला असेल तर तुमचा हिशेब वेगळा, मला परत लिहा. केला नसेल तर तो विषय सोडून द्या.

व्हॉट्सॲपवरचे ७,५०० हा एका मागणीचा आकडा आहे. निर्णय झालेला नाही. ईपीएस-९५ चे, म्हणजे पीएफसोबतच्या याच पेन्शन योजनेचे, पेन्शनर कित्येक वर्षं ७,५०० आणि वर महागाई भत्ता मागतायत. आपल्या बुलढाण्यात त्यासाठी वर्षानुवर्षं साखळी उपोषण चाललं, दिल्लीत जाऊन म्हाताऱ्या माणसांनी धरणं धरलं. मागणी रास्त आहे. किमान पेन्शन १,००० रुपये ठरली ती सप्टेंबर २०१४ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी राज्यसभेच्या याचिका समितीने किमान ३,००० द्या आणि महागाईशी जोडा असं लिहून दिलं होतं. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, तेच, जे पुढे आपले राज्यपाल झाले. अहवाल कपाटात गेला. सरकारचं उत्तर ठरलेलं असतं: या फंडात कंपनीचे ८.३३ टक्के आणि केंद्राचे १.१६ टक्के येतात, तेवढ्यातच भागवायचं आहे आणि विमागणितज्ज्ञांच्या मूल्यांकनात फंड आधीच तुटीत दिसतो. गणित म्हणून ते खोटं नाही. पण वेतनमर्यादा वर्षानुवर्षं हलवायची नाही, त्यामुळे भरणा वाढत नाही, आणि मग भरणा कमी आहे म्हणून पेन्शन वाढवता येत नाही असं सांगायचं, याला काय म्हणावं?

आपल्याच राज्यात संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १,५०० मिळतात. निराधाराला मिळतात म्हणून कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. खरं तर तेही कमीच आहेत. पण ज्याच्या पगारातून आणि कंपनीकडून वर्षानुवर्षं भरणा झाला त्याची किमान पेन्शन त्याहून ५०० ने कमी असावी, हे धोरण कोणत्या हिशेबात बसतं ते मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेलं नाही.

पेन्शन वाढली तर आनंदच आहे. पण घरचं बजेट त्यावर मांडू नका. आणि हो, 'वाढीव पेन्शन चालू करण्यासाठी' म्हणून फोन करून ओटीपी मागणारा माणूस चोर असतो, तो कितीही गोड बोलला तरी.

साडूंचं मन लावून घेताय ते मला कळतं. नात्यात हीच तुलना सगळ्यात जास्त टोचते. पण त्यांच्या ४० हजारांकडे बघण्याआधी ते कुठून येतात ते बघा. ते १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागले, म्हणून जुन्या पेन्शनमध्ये आहेत. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम सरकारी तिजोरीतून, आणि वर महागाई भत्ता. त्यांच्याच शाळेत २००६ ला लागलेल्या शिक्षकाला हे आपोआप मिळत नाही. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यातले कर्मचारी संपावर गेले ते त्याचसाठी. तुमचा घाम पाण्यात गेला नाही भाऊ, तो वेगळ्या ठिकाणी साठला. साडूंना फंडातून एकदम मोठी रक्कम मिळालीही असेल, पण त्यांचा महिना त्या रकमेवर चालत नाही. तुमचा चालणार आहे.

साडेचार आणि चाळीस हा फरक तर सगळ्यांनाच दिसतो. त्याहून मोठा फरक पुढच्या वर्षांत दिसायला लागेल. साडूंचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैचा म्हणून, सुधारतो. बाजारात डाळ महागली की थोड्या उशिराने का होईना, त्यांची पेन्शन हलते. तुमची पहिल्या महिन्याला जी बसेल तीच सत्तराव्या वर्षी असेल, तीच ऐंशीव्या वर्षी. ईपीएस-९५ मध्ये महागाई भत्ता नाही, एवढं एक वाक्य नीट समजलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. महागाई सहा टक्क्यांनी वाढत राहिली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. आज तुमचं घर १८ हजारांत चालतं. सत्तरीला तेच घर, त्याच दोन माणसांचं, ३६ हजार मागेल. पेन्शन साडेचार हजारच असेल.

म्हणून तुमचा पीएफ हाच तुमचा महागाई भत्ता आहे. सरकारने दिला नाही, तुम्ही स्वतः साठवलात. त्याला हात लावू पाहणाऱ्या प्रत्येकाकडे, मग तो विमा एजंट असो की स्वतःचा मुलगा, याच नजरेने बघा.

मुलाचा प्रश्न आता आकड्यांत बघू. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून १६ लाख ९० हजार. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. तोच धरला तर वर्षाला १ लाख ३८ हजार, म्हणजे महिन्याला साडेअकरा हजार. त्यात पेन्शन मिळवा, सोळा हजार. १८ हजारांच्या खर्चाला जरा कमी, पण घर चालतं. आता १० लाख मुलाला दिले असं धरा. उरलेल्या ६ लाख ९० हजारांवर महिन्याला पावणेपाच हजारही नाहीत. पेन्शन धरून सव्वानऊ हजार, म्हणजे आजच्या खर्चाच्या निम्मे. आणि सत्तरीचा ३६ हजारांचा आकडा अजून आपण मध्ये आणलेलाच नाही.

मुलगा लबाड आहे असं मी म्हणत नाही. पुण्यात तिशीतल्या पोराला घर घ्यायचं असेल तर तो आणखी कोणाकडे बघणार? पण 'नुसते पडून राहणार' हे त्याचं म्हणणं चुकीचं आहे, ते त्याला हा कागद समोर ठेवून सांगा. फ्लॅटची किंमत वाढली तरी ती वाढ तुमच्या औषधाच्या बिलाला उपयोगी पडत नाही. त्यासाठी फ्लॅट विकावा लागतो, आणि तो त्याचं घर असेल. त्याला बँक वीस वर्षांचं कर्ज देते, पुढे पगारवाढ आहे, सून नोकरी करत असेल तर दोघांचं उत्पन्न धरून देते. घर दोन वर्षं उशिरा झालं किंवा एका खोलीने लहान झालं तर त्याचं आयुष्य अडत नाही. काहीतरी द्यावंसं वाटणं साहजिक आहे. ग्रॅच्युइटीतून पन्नास हजार, फार तर लाख, आशीर्वाद म्हणून द्या आणि परत मिळतील असं मनात धरू नका. उसने म्हणून दहा लाख देणं तर सगळ्यात वाईट, त्यात पैसेही जातात आणि दिवाळीला घरी येणंही अवघड होतं. आईवडिलांच्या चरितार्थासाठी २००७ चा कायदा आहे, मुलाकडून निर्वाहभत्ता मागता येतो, पण त्या पायरीपर्यंत कशाला जायचं?

वहिनींचं वय तुम्ही पत्रात ओघात लिहून गेलात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आकडा तो आहे. त्या आज ५३ च्या. तुमच्या पश्चात त्यांना तुमच्या पेन्शनची निम्मी मिळेल, सव्वादोन हजार. तीही गोठलेलीच. त्या ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत जगतील असं धरलं तर हा पैसा आणखी तीस वर्षं पुरवायचा आहे आणि त्यातली काही वर्षं त्या एकट्या असतील. मुलाला होकार देण्याआधी हा हिशेब वहिनींसमोर मांडलात का? नसेल तर आज रात्री जेवणं झाल्यावर मांडा. बहुतेक घरांत फंडाचं काय करायचं हे बाप आणि मुलगा ठरवतात, आणि त्या निर्णयाबरोबर सर्वात जास्त वर्षं आईला काढावी लागतात.

कंत्राटदाराकडचं काम घ्या. १५ हजारांसाठी तर घ्याच, पण त्यातून दोन वर्षं मिळतात ती जास्त मोलाची आहेत. तुमची १५ हजार मजुरी आणि साडेचार हजार पेन्शन, एकोणीस हजारांहून जास्त झाले, घरखर्च भागला. म्हणजे फंडाला दोन वर्षं हातच लावायला नको. कंत्राटदाराला आधीच विचारा, पीएफ कापणार का आणि याच यूएएनवर भरणार का. भरणार असेल तर खातं चालू राहतं. ५८ नंतर पेन्शनला वेगळे पैसे वळते होत नाहीत, कंपनीचा पूर्ण वाटा पीएफमध्येच जमा होतो. कंत्राटदाराने पीएफ नाही कापला तरी निवृत्तीनंतर तीन वर्षं खात्यावर व्याज मिळत राहतं, फक्त ते व्याज करपात्र असतं. तुमच्या उत्पन्नाला त्याचा फारसा त्रास नाही. २०२४-२५ साठी पीएफचा दर ८.२५ टक्के होता. तसाच राहिला तर दोन वर्षांत १४ चे १६ लाखांच्या वर जातील. आणि मुलाला 'पैसे अजून फंडातच आहेत रे' असं सांगता येईल, तेही खोटं न बोलता.

ग्रॅच्युइटीचं मात्र वेगळं करा. ज्येष्ठ नागरिक योजनेला वयाची अट ६० आहे, पण ५५ ते ६० मध्ये निवृत्त झालेल्याला निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती तिथे गुंतवता येते. मुलाला द्यायचे ते देऊन उरलेली ग्रॅच्युइटी या मुदतीत टाका. खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं कायम राहतो, मधे सरकारने दर उतरवले तरी तुम्हाला लागू नाहीत. निवृत्तीचा कागद आणि रक्कम मिळाल्याचा पुरावा सोबत लागेल. साठीला पीएफ काढलात की मोठा भाग याच योजनेत जाईल, मर्यादा ३० लाखांची आहे, तुमचं सगळं बसतं. तेव्हा दर आजच्यापेक्षा कमी असू शकतो, ती जोखीम आहेच, ती मी झाकत नाही. खातं वहिनींसोबत संयुक्त काढा. तुमच्यानंतर त्या ते मुदतीपर्यंत तसंच चालू ठेवू शकतात, मोडावं लागत नाही.

साठीनंतर व्याजातला रुपया न् रुपया खर्च केलात तर मुद्दल तेवढंच राहील आणि महागाई त्याला कुरतडत बसेल. म्हणून सगळेच पैसे व्याजाच्या योजनेत नकोत. दोन-अडीच लाख बँकेत, हॉस्पिटलच्या वेळेला लगेच काढता येतील असे. तीन-एक लाख कुठल्याही साध्या, कमी खर्चाच्या, शेअर आणि कर्जरोखे दोन्ही असलेल्या म्युच्युअल फंडात, सात-आठ वर्षं विसरून जायचं या बोलीवर. बाजार पडला की तुमची झोप उडणार असेल तर दीड लाखच ठेवा, पण शून्य नको. सत्तरीत दुप्पट झालेला खर्च हाच तुकडा थोडाफार पेलेल, साडेचार हजारांच्या पेन्शनला ते जमणार नाही.

निवृत्तीची बातमी तुमच्याआधी एजंटला कळते. ऑगस्ट उजाडायच्या आत कोणीतरी 'आयुष्यभर गॅरंटीड पेन्शन' घेऊन दारात येईल, कदाचित बँकेच्या काउंटरवरच तुम्हाला एफडी म्हणून विमा पॉलिसी दाखवली जाईल. विमा कंपनीची ॲन्युइटी, म्हणजे एकरकमी पैसे देऊन आयुष्यभर दरमहा ठरलेली रक्कम घ्यायची योजना, मुळात वाईट वस्तू नाही. तिचा दर आयुष्यभर ठरलेला राहतो, हा फायदा पोस्टाच्या योजनेत नाही. पण ५८ ला घेतलेली ॲन्युइटी म्हणजे आणखी एक गोठलेली पेन्शन, आणि एक तुमच्याकडे आहेच. सत्तरीत विचार करा. चुकून सही झालीच तर पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, हे लक्षात असू द्या. पतसंस्थेचा अकरा-बारा टक्क्यांचा मोह तर अजिबात नको, चेअरमन कितीही ओळखीचे असोत. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. तीन-चार टक्के जास्त मिळतात तो याच धोक्याचा मोबदला असतो.

वहिनींच्या शुगरमुळे एक घाई मात्र करायला हवी. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असेल तर तो निवृत्तीच्या दिवशी संपतो. आधीपासून असलेल्या आजाराला नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून ते घड्याळ आताच सुरू करा. फॉर्मवर शुगर लिहा, लपवली की क्लेम अडकतो. आरोग्य विम्याच्या वैयक्तिक हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलाय, तेवढाच दिलासा. तरीही हप्ता जड वाटला तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात. तुमच्या भागातलं कोणतं हॉस्पिटल त्यात आहे ते गरज पडायच्या आधी बघून ठेवा. सत्तरीनंतर आयुष्मान भारतचं ज्येष्ठांचं कार्ड उत्पन्न न बघता मिळतं.

ऑगस्टच्या आधी करायच्या कामांत ई-नॉमिनेशन, म्हणजे पोर्टलवरची वारसाची नोंद, विसरू नका. पीएफच्या कुटुंबाच्या यादीत वहिनींचं नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच हवी, माहेरचं नाव राहून गेलेलं असेल तर बदलून घ्या. विधवा पेन्शनच्या वेळी अडतं ते इथेच. पेन्शन सुरू झाली की हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यायचा. ईपीएसला नोव्हेंबरच हवा असं बंधन नाही, दिला त्या दिवसापासून वर्षभर चालतो, आणि मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेत, कुठल्याही शाखेत घेता येते. उद्या मुलाकडे पुण्याला राहायला गेलात तरी पेन्शनचे कागद हलवावे लागणार नाहीत.

सर्व्हिस हिस्टरीत सातपूरची कंपनी दिसली नाही, तर तिथला जुना पीएफ नंबर शोधा. १९९६ ते २००३ मधली एखादी पगाराची स्लिप, फंडाची वार्षिक पावती, नेमणुकीचं पत्र, काहीही चालेल. तो नंबर मिळाला की ट्रान्सफरचा अर्ज आताच्या कंपनीमार्फत टाका, ऑगस्टच्या आत.